बग बाउंटीची हद्द: परवानगी कुठवर, बक्षीस कुठवर?



वेबसाइटवरून ऑर्डर घेणाऱ्या प्रत्येकाला आज ना उद्या एक ईमेल येतो. 'सर, तुमच्या वेबसाइटमध्ये गंभीर सिक्युरिटी बग सापडला आहे. तुम्ही बाउंटी देता का?' पाठवणारा अनोळखी, आणि बग नेमका कुठे आहे याचा पत्ता नाही. मग कुणी घाबरून पैसे पाठवतं, कुणी डिलीट करून टाकतं, कुणी थेट सायबर सेलची धमकी देतं. अशा ईमेलचं काय करायचं ते आपण या आठवड्याच्या व्हिडिओत पाहिलं. पण मोठ्या कंपन्यांची या विषयावरची भांडणं तिथे नीट सांगता आली नाहीत. ती इथे सांगतो. कारण ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे अशा कंपन्या जिथे अडखळल्या, नेमके तिथेच आपणही अडखळतो.

आधी बग बाउंटी म्हणजे काय ते दोन ओळींत. कंपनी जाहीर करते, 'आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची त्रुटी शोधा, गुपचूप आम्हाला कळवा, आम्ही बक्षीस देऊ.' नेटस्केपने १९९५ मध्ये आपल्या ब्राउझरसाठी अशी योजना काढली होती. २०१० मध्ये गूगलने आणि २०११ मध्ये फेसबुकने आपल्या वेबसाइटसाठी ती सुरू केली, आणि २०१२ मध्ये हॅकरवन, बगक्राउड अशा मध्यस्थ कंपन्या आल्या. आता कंपनी नियम लिहिते, मध्यस्थ कंपनीची माणसं आलेले अहवाल चाळतात, खरे पुढे पाठवतात आणि बक्षीस संशोधकाच्या खात्यात जमा होतं.

त्या नियमांच्या पानावर एक शब्द असतो, 'स्कोप'. आपण त्याला हद्द म्हणू. बहुतेक भांडणं या एका शब्दावरून होतात, आणि त्याचं कारण असं की त्यात तीन वेगवेगळे प्रश्न कोंबलेले असतात. कशाला हात लावायची परवानगी आहे? लावल्यावर किती खोल जायचं? आणि कशासाठी पैसे मिळणार? आपल्याकडे गोदामाचा रखवालदार ठेवताना आपण या तीन गोष्टी वेगळ्या बोलतो. कुठे फिरायचं ते एक, कुठलं कपाट उघडायचं नाही ते दुसरं, आणि पगार तिसरा. बाउंटीच्या पानावर मात्र 'हद्दीबाहेर' या एका शब्दात तिन्ही उत्तरं दिली जातात. त्यातून काय होतं ते बघा.

इन्स्टाग्रामची किल्ली

वेस्ली वाइनबर्ग हा सुरक्षा संशोधक. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याला इन्स्टाग्रामचा एक सर्व्हर सापडला. तो कंपनीच्या आतल्या यंत्रणेवर नजर ठेवण्यासाठी होता, पण इंटरनेटवरून थेट दिसत होता. त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅममधली एक गुप्त खूण बदललेलीच नव्हती. प्रोग्रॅमचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला, आणि ती खूण त्यातच छापलेली. नवीन कुलूप आणायचं आणि कंपनीने दिलेला शून्य-शून्य-शून्य हा नंबर तसाच ठेवायचा, तसलाच प्रकार. त्या आधारे वाइनबर्गला सर्व्हरवर आपल्या मनाप्रमाणे आज्ञा चालवता आल्या. त्याने फेसबुकला कळवलं. इन्स्टाग्राम तेव्हा फेसबुकच्याच मालकीचं होतं.

इथवर सगळं सुरळीत होतं. या त्रुटीसाठी पुढे फेसबुकने त्याला २,५०० डॉलर देऊही केले.

पण वाइनबर्ग तिथे थांबला नव्हता. सर्व्हरवर कर्मचाऱ्यांच्या खात्यांचे सांकेतिक रूपातले पासवर्ड होते. ते तोडून पाहिले, तर काही अगदीच पोरकट निघाले. त्याने तेही कळवलं. मग त्याच सर्व्हरच्या एका फाइलमध्ये ॲमेझॉनच्या क्लाउड साठवणीच्या किल्ल्या दिसल्या. त्या लावून पाहिल्या तर एक कप्पा उघडला. त्या कप्प्यात एका जुन्या फाइलमध्ये आणखी एक किल्ली होती, आणि तिने जवळजवळ सगळे कप्पे उघडले. इन्स्टाग्रामचा सोर्स कोड, वेबसाइटची खासगी प्रमाणपत्रं, इतर सेवांच्या किल्ल्या. वापरकर्त्यांची माहिती आपण उतरवली नाही, असं त्याने सांगितलं. पण काही कप्प्यांतला मजकूर त्याने आपल्या संगणकावर उतरवून घेतला होता.

मग फेसबुकचे सुरक्षाप्रमुख ॲलेक्स स्टॅमोस यांनी फोन उचलला. तो त्यांनी वाइनबर्गला न करता सायनॅक या कंपनीच्या प्रमुखांना केला. वाइनबर्ग तिथे कंत्राटावर काम करायचा, पण हे शोधकाम त्याने स्वतःच्या वेळात केलेलं होतं. डिसेंबरमध्ये वाइनबर्गने सगळी हकिकत प्रसिद्ध केली. आपल्या पोटावर पाय देण्याचा हा प्रयत्न होता, असं त्याचं म्हणणं. स्टॅमोस यांनीही जाहीर उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा असा, की त्रुटी दाखवून झाल्यावर माहिती उतरवून घेण्याची गरजच नव्हती, आणि तसं करणं नैतिक नाही. धमकी दिल्याचा आरोप त्यांनी नाकारला.

आता तुम्ही न्यायाधीश आहात असं समजा. कोण बरोबर?

माझं मत सांगतो. किल्ली सापडली हे कळवणं बरोबर होतं. पण ती लावून आतलं सामान घरी नेणं बरोबर नव्हतं. मात्र त्याला त्या दिशेला ढकललं कुणी, तर बाउंटीच्या हिशेबाने. बक्षीस किती हे नुकसान किती होऊ शकलं असतं यावर ठरतं. २०१२ मध्ये फेसबुकच्याच एका अधिकाऱ्याने म्हटलं होतं, की दहा लाख डॉलरच्या लायकीची त्रुटी आणली तर तेवढेही देऊ. आता एकीकडे 'जितकं खोल, तितकं जास्त बक्षीस' म्हणायचं आणि दुसरीकडे 'खोल जाऊ नका' म्हणायचं, तर गडबड होणारच. त्यात तेव्हाच्या नियमांत कुठे थांबायचं हे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्यांच्या खासगीपणाचा भंग करू नका, नुकसान करू नका, एवढंच होतं. कंपनीची स्वतःची किल्ली सापडली तर काय, यावर एक अक्षर नाही.

याला उपाय आहे आणि तो अवघड नाही. संशोधकाला सांगायचं, 'किल्ली सापडली की तिथेच थांब, आम्हाला कळव. तिच्याने पुढे काय काय उघडलं असतं ते आमची माणसं तपासतील आणि त्याप्रमाणे पैसे देऊ.' फेसबुकची आजची मालक कंपनी मेटा साधारण याच पद्धतीने बक्षीस ठरवते. नुकसान जास्तीत जास्त किती झालं असतं याचा शोध कंपनी स्वतः घेते. संशोधकाला आत घुसून ते सिद्ध करत बसावं लागत नाही.

व्हॉल्व्हचं 'आमच्या हद्दीत नाही'

दुसरं प्रकरण पहिल्याच्या बरोबर उलट आहे. मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण छोट्या कंपन्या या पद्धतीने जास्त चुकतात.

व्हॉल्व्ह ही अमेरिकन कंपनी. संगणकावर गेम खेळणाऱ्या मुलांना विचारा, तिचं 'स्टीम' हे ॲप त्यांच्याकडे असणारच. जून २०१९ मध्ये वासिली क्रावेट्स या रशियन संशोधकाला स्टीममध्ये एक त्रुटी सापडली. स्टीमचा एक भाग विंडोजमध्ये सर्वोच्च अधिकाराने चालतो. त्याला फसवून कुठलाही साधा प्रोग्रॅम ते सर्वोच्च अधिकार स्वतःकडे घेऊ शकत होता. आपल्या भाषेत सांगायचं तर काउंटरवरच्या पोऱ्याला मालकाची सही मारता येत होती. पोऱ्या प्रामाणिक असेल तर काही होणार नाही. पण एखादा फुकटातला गेम म्हणून उतरवलेला लबाड प्रोग्रॅम असेल, तर सगळा संगणक त्याच्या ताब्यात.

क्रावेट्सने हॅकरवनमार्फत कळवलं. उत्तर आलं, हे लागू नाही. का? तर व्हॉल्व्हच्या नियमांत लिहिलं होतं, की ज्या हल्ल्यासाठी वापरकर्त्याच्या संगणकात मनमानी जागी फाइल टाकावी लागते किंवा संगणक प्रत्यक्ष हाताशी लागतो, तो हल्ला हद्दीबाहेर. खरं तर या हल्ल्याला दोन्हीची गरज नव्हती. क्रावेट्सने वाद घातला, मध्यस्थ कंपनीतल्या दुसऱ्या माणसाने त्रुटी स्वतः करून पाहिली, अहवाल पुढे गेला, आणि पुन्हा नकार आला.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण क्रावेट्स म्हणाला, तुमच्या लेखी ही त्रुटीच नाही, तर मी ती जाहीर करतो. त्यावर त्याला सांगण्यात आलं, जाहीर करायची नाही.

जरा थांबून बघा. दुरुस्त करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, आणि लोकांना सांगायचंही नाही! दुकानदार म्हणतो, हे नाणं खोटं आहे, घेणार नाही; आणि परत मागितलं तर देत नाही. कुणाचंही डोकं फिरेल. ऑगस्टमध्ये क्रावेट्सने सगळं जाहीर केलं. व्हॉल्व्हने घाईघाईने दुरुस्ती काढली, पण तिला बगल देता येते असं लगेच दुसऱ्यांनी दाखवलं. क्रावेट्सला व्हॉल्व्हच्या बाउंटी योजनेतून काढून टाकलं गेलं. मग त्याला दुसरी त्रुटी सापडली तेव्हा कळवायला दारच उरलं नव्हतं, म्हणून त्याने तीही थेट जाहीर केली. कोट्यवधी लोकांच्या संगणकांत ते ॲप होतं. शेवटी त्याच महिन्यात व्हॉल्व्हने नियम बदलले, अशा त्रुटी हद्दीत घेतल्या आणि त्याला परत पाठवणं ही चूक होती असं कबूल केलं.

यात पैशाचा वाद दुय्यम होता. मुख्य घोळ असा की 'यासाठी बक्षीस नाही' आणि 'यात अडचण नाही' ही दोन वाक्यं कंपनीने एकच समजली. हद्द ही तुमच्या खिशाची सोय असते. चोराने ते पान वाचलेलं नसतं, आणि वाचलं तरी तो म्हणणार नाही की अरे, ही खिडकी यादीत नाही, चला दुसऱ्या घरी.

हद्द अजिबात नको असंही नाही. हद्दीबाहेरच्या याद्या कंपन्यांनी उगाच केलेल्या नाहीत. वेबसाइटवर इतका भार टाकायचा की ती बंद पडावी, कर्मचाऱ्यांना फोन करून फसवायचं, ऑफिसात घुसायचं, असले प्रकार बाहेर ठेवलेच पाहिजेत. शिवाय यंत्राने काढलेले, अर्थहीन अहवाल ढिगाने येतात. ते चाळणाऱ्या माणसाला दिवसात पन्नास वेळा नाही म्हणायची सवय लागते, आणि एक्कावन्नावं खरं असलं तरी तोंडातून 'नाही'च निघतं. मला तरी यात दुष्टपणापेक्षा सवयीचा दोष जास्त दिसतो.

आधी योजना, मग नियम

ड्रोन बनवणाऱ्या चिनी डीजेआय कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये बाउंटी जाहीर केली. १०० ते ३०,००० डॉलर. पण काय हद्दीत आणि काय बाहेर, हे लिहिलंच नव्हतं. केव्हिन फिनिस्टर या अमेरिकन संशोधकाने विचारलं, तुमचे सर्व्हर यात येतात का? उत्तराला बरेच दिवस लागले, पण 'हो' आलं. कंपनीच्या प्रोग्रॅमरांनी आपल्या किल्ल्या चुकून सार्वजनिक कोडमध्ये ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे फिनिस्टरला ग्राहकांच्या उड्डाणांच्या नोंदी दिसल्या, पासपोर्ट आणि ड्रायव्हिंग लायसन्सही दिसले. त्याने ३१ पानांचा अहवाल दिला आणि ३०,००० डॉलर मंजूर झाल्याचं त्याला कळवण्यात आलं.

मग आला करारनामा. त्यातल्या अटी अशा होत्या की आपण काही बोलायलाच मोकळे राहणार नाही, आणि उद्या कंपनीने खटला भरला तर संरक्षणही नाही, असं त्याचं म्हणणं. त्यातच कंपनीच्या कायदा विभागाचं पत्र आलं, ज्यात अमेरिकेच्या संगणक गुन्ह्यांच्या कायद्याचा उल्लेख होता. वकिलांनी सही करू नको म्हटलं. त्याने ३०,००० डॉलर सोडले आणि नोव्हेंबरमध्ये सगळा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. कंपनीचं उत्तर असं, की तो हॅकर आहे आणि नेहमीच्या अटी मान्य करत नव्हता. अटी कदाचित नेहमीच्या असतीलही. पण काम करून घेतल्यावर कोटेशन बदलणाऱ्या गिऱ्हाईकाचा अनुभव तुम्हालाही असेल. तेव्हा आपली बाजू कोणती असते?

आता दोन छोटी उदाहरणं शेजारी शेजारी ठेवतो. २०१३ मध्ये खलील श्रेतेह या पॅलेस्टिनी तरुणाने फेसबुकला कळवलं, की मित्रयादीत नसलेल्या माणसाच्या भिंतीवरही पोस्ट टाकता येते. उत्तर आलं, हा बग नाही. वैतागून त्याने थेट मार्क झुकरबर्ग यांच्या भिंतीवर पोस्ट टाकून दाखवली! त्रुटी लगेच दुरुस्त झाली, पण बक्षीस नाकारलं गेलं, कारण खऱ्या माणसाचं खातं त्याच्या परवानगीशिवाय वापरायचं नाही असा नियम होता. मग सुरक्षा क्षेत्रातल्या लोकांनी वर्गणी काढून त्याला १०,००० डॉलरहून जास्त जमवून दिले.

आणि २०१६ मध्ये बंगळुरूच्या आनंद प्रकाश यांनी काय केलं बघा. फेसबुकचा पासवर्ड विसरलात तर सहा आकडी कोड येतो. मुख्य वेबसाइटवर काही चुकीचे प्रयत्न झाले की पुढे अडवलं जातं. पण चाचणीसाठी ठेवलेल्या 'बीटा' साइटवर ही अडवणूकच नव्हती, म्हणजे सगळे आकडे लावून पाहता येत होते. त्यांनी हे फक्त स्वतःच्या खात्यावर करून दाखवलं. १५,००० डॉलर मिळाले, भांडण नाही. इथे दोन्ही बाजू नीट वागल्या. संशोधकाने दुसऱ्याच्या खात्याला हात लावला नाही, आणि कंपनीने 'बीटा साइट आमच्या मुख्य साइटमध्ये धरत नाही' असा फाटा फोडला नाही.

हद्द ताणली तर

काही कंपन्या उलटाही खेळ करतात. २०१६ मध्ये दोघांनी उबरच्या ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती उतरवून घेतली आणि पैसे मागितले. हा सरळ डल्ला होता. उबरने हॅकरवनमार्फत १,००,००० डॉलर दिले, गुप्ततेच्या करारावर सह्या घेतल्या आणि त्याला बग बाउंटी म्हटलं. वर्षभराने नव्या व्यवस्थापनाने प्रकरण उघड केलं. तेव्हाचे सुरक्षाप्रमुख जो सलिव्हन यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं आणि पुढच्या वर्षी तीन वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा झाली. म्हणजे बक्षीस हा शब्द लावला म्हणून खंडणी बक्षीस होत नाही.

आपल्याकडचं झोमॅटोचं प्रकरणही तुम्हाला आठवत असेल. मे २०१७ मध्ये सुमारे १ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती चोरून विक्रीला लावली गेली. कंपनीने त्या माणसाशी बोलणी केली. त्याची मागणी अशी होती, की संशोधकांना पैसे देणारी नीट बग बाउंटी सुरू करा. कंपनीने ते मान्य केलं आणि त्याने माहिती काढून टाकायची तयारी दाखवली. मागणी रास्त होती, मार्ग गुन्ह्याचा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आपल्या दुकानासाठी

'सर, हे सगळं मोठ्या लोकांचं, माझा महिन्याला दोनशे ऑर्डरींचा मसाल्याचा धंदा आहे.' बरोबर. म्हणूनच माझा पहिला सल्ला: रोख बाउंटी जाहीर करू नका. तुमच्याकडे अहवाल चाळायला माणूस नाही आणि पैशाची पाटी लावली की गर्दी होणार. २०१३ मध्ये याहूने गंभीर त्रुटी कळवणाऱ्यांना कंपनीच्या दुकानातली १२.५० डॉलरची कूपनं दिली आणि जगभर हसू करून घेतलं. कमी पैसे देण्यापेक्षा 'आम्ही पैसे देत नाही, पण आभार मानू आणि दुरुस्त करू' हे स्पष्ट सांगणं बरं.

त्याऐवजी वेबसाइटवर एक पान ठेवा. आणि इथे आपल्या कायद्याचा मुद्दा येतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये सगळा भर 'परवानगीशिवाय' या शब्दावर आहे. मालकाच्या किंवा जबाबदार माणसाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं, माहिती काढणं. हेच लबाडीने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चांगल्या हेतूने त्रुटी शोधणाऱ्याला या कायद्यात वेगळी सूट लिहिलेली नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२२ मध्ये तरी आपल्या वकिलांना सांगितलं, की प्रामाणिक संशोधनावर खटले भरू नका. आपल्याकडे अशा माणसाला सगळ्यात मोठा आधार म्हणजे तुम्ही लिहून दिलेली परवानगी. तुमच्या त्या एका पानावर समोरच्याचं तुरुंगात जाणं न जाणं अवलंबून असू शकतं. म्हणून ते 'गूगलवरून कॉपी' प्रकारात काढू नका.

पानावर काय लिहायचं? मी साध्या मराठीत देतो, इंग्रजी तुमच्या वेबसाइटवाल्याकडून करून घ्या.

'आमची वेबसाइट आणि आमचं ॲप तुम्ही तपासू शकता. तपासणी स्वतःच्या खात्यावरच करा. दुसऱ्या ग्राहकाची माहिती, पासवर्ड किंवा कुठलीही किल्ली दिसली तर तिथेच थांबा, उतरवून घेऊ नका, वापरून पाहू नका, आम्हाला कळवा. वेबसाइट बंद पडेल असं काही करू नका. या मर्यादेत राहिलात तर आम्ही तुमच्याविरुद्ध तक्रार करणार नाही. आम्ही पैसे देत नाही. तुमचा ईमेल मिळाल्याचं तीन दिवसांत कळवू. आम्ही ९० दिवसांत दुरुस्ती केली नाही, तर ग्राहकांची माहिती उघड न करता तुम्ही त्याबद्दल लिहायला मोकळे आहात.'

शेवटच्या वाक्याला बरेच जण बिचकतात. पण व्हॉल्व्हचं काय झालं ते वर वाचलंत. आणि दिवस तुम्हीच ठरवा, नव्वद जमत नसतील तर एकशेवीस लिहा, फक्त पाळता येतील तेवढेच लिहा.

एक गोष्ट या पानावर लिहिता येणार नाही. तुमचं दुकान शॉपिफायसारख्या तयार सेवेवर असेल, पैसे पेमेंट गेटवेवरून येत असतील, तर त्यांच्या यंत्रणेत शिरायची परवानगी तुम्ही देऊ शकत नाही. भाड्याच्या गाळ्याची भिंत फोडायला भाडेकरू परवानगी देतो का? तिथली त्रुटी कुणी दाखवली, तर त्याला त्या कंपनीकडे पाठवा आणि तुम्हीही कळवा. शॉपिफायची स्वतःची बाउंटी योजना आहे. संशोधकाला तिथे पैसे मिळतील, तुमच्याकडून अपेक्षाही राहणार नाही.

पान तयार झालं की त्याचा पत्ता 'सिक्युरिटी डॉट टीएक्सटी' नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये घालून वेबसाइटच्या ठरलेल्या जागी ठेवतात. २०२२ पासून याचा अधिकृत इंटरनेट संकेत आहे. जाणकार संशोधक आधी तिथेच बघतो. वेबसाइटवाल्याला फक्त नाव सांगा, त्याचं दहा मिनिटांचं काम आहे.

आता सुरुवातीच्या त्या ईमेलकडे. माणूस 'बाउंटी देता का' एवढंच विचारतोय, तर त्याला विचारा: कुठल्या पानावर, कुठल्या पायऱ्यांनी, आणि त्यातून काय होऊ शकतं? तुमच्या डोमेनवर डीमार्क नाही, असलं एखादं ठोकळेबाज उत्तर आलं तर तो हजार जणांना तोच ईमेल पाठवणारा आहे. आभार माना, वेबसाइटवाल्याला सांगून ती दुरुस्तीही करून घ्या, पैसे पाठवू नका. 'आधी पैसे, मग माहिती' म्हणाला तर बोलणं तिथेच थांबवा, ईमेल जपून ठेवा आणि वेबसाइटवाल्याला सगळं तपासायला लावा. पण त्याने पायऱ्या दिल्या आणि तुमच्या माणसाला त्या करून पाहिल्यावर खरंच दुसऱ्याचं बिल उघडलं, तर तो माणूस तुमच्या पानाच्या हद्दीत होता की बाहेर, पैसे द्यायचे की नाहीत, हे सगळं उद्या ठरवा. भोक आज बुजवा.

आणि ग्राहकांची माहिती परक्या कुणी प्रत्यक्ष पाहिली किंवा नेली असल्याचं दिसलं, तर हा विषय त्रुटीचा राहत नाही, घटनेचा होतो. सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची खबर सहा तासांत द्यायची असते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात, माहितीची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मसाल्याच्या दुकानाला कुणी २५० कोटी लावणार नाही, पण 'तो ईमेल मी हद्दीबाहेरचा समजून डिलीट केला' हे उत्तर कुठल्याही चौकशीत चालणार नाही.

जाता जाता एक काम सांगतो. त्या पानावर जो ईमेल पत्ता द्याल, तो सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर उघडत नाही ना, हे आजच बघा. नमुन्याचं पान आणि उत्तराचे तीन मसुदे व्हिडिओच्या खालच्या लिंकवर ठेवले आहेत.